कोळ्याला खाणारा कोळी



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय झालं, नाटक झालं, सीमाभागातली बोली झाली. मला निमंत्रण आलं तेव्हा मंडळाची अपेक्षा बहुधा पथ्यपाण्यावरच्या व्याख्यानाची असावी. मी ‘परभक्षी कोळी’ असा विषय कळवला. चिटणीसांनी फोनवर विचारलं, “डॉक्टर, हे कोळी म्हणजे मासेमारी करणारे का?” ते नव्हेत. भिंतीच्या कोपऱ्यात जाळं विणून बसतो तोही नव्हे. मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो टाचणीच्या माथ्यापेक्षा लहान असतो. इंग्रजीत त्याला माइट म्हणतात. शेतकी खात्याची पत्रकं आणि आमचे शेतकरी दोघंही त्याला कोळीच म्हणतात. तीन निराळ्यांना एक शब्द आहे खरा, पण रुळलेला शब्द मी बदलणार नाही.

या कुळातल्या एकाला तुम्ही सगळे ओळखता. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की बांधावर मखमलीचा लालभडक ठिपका चालताना दिसतो, तो मृगाचा किडा. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींना तो बीरबहूटी म्हणून माहीत आहे. लहानपणी काडेपेटीत तो ज्यानं ठेवला नाही असा माझ्या वयाचा माणूस विरळा. पण त्याचे पाय किती जणांनी मोजले? आठ आहेत. म्हणजे तो कीटक नव्हे. कोळी आणि विंचू यांच्या भाऊबंदकीतला आहे. आणि इतका मऊ, इतका देखणा असून तो शिकारी आहे. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीत काढतो, माती भिजली की वर येतो आणि वाळवीसारखे मऊ अंगाचे जीव, कीटकांची अंडी खातो. त्याची पिल्लं तर दुसऱ्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांच्यावरच वाढतात. काही भागांत या किड्याचं तेल काढून लुळ्या पडलेल्या अंगाला चोळतात, त्यासाठी तो वजनावर विकला जातो. या वैद्यकाबद्दल माझं मत चांगलं नाही. पण ते असो.

मृगाचा किडा हा या कुळातला हत्ती. सेंटिमीटरभर लांब. मला सांगायचं आहे ते अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरच्यांबद्दल, फायटोसेइडी नावाच्या घराण्याबद्दल. या एका घराण्यात दोन हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. वांग्याच्या, भेंडीच्या, गुलाबाच्या पानाखाली, नारळाच्या टोपीखाली ते राहतात. साध्या डोळ्यांना पाहायचे तर नजर तरुण हवी; माझी आता भिंग मागते.

होमिओपॅथीच्या डॉक्टरला हे प्रकरण कुठून लागलं, ते सांगतो. माझा दवाखाना बेळगाव जिल्ह्यात, सीमेला लागून. येणारे बहुतेक शेतकरी. आमच्या समाजाचेही बहुतेक शेतकरीच. इकडचा जैन म्हटला की पेढीवर बसलेला व्यापारी डोळ्यांपुढे आणू नका, तो उसाच्या सरीत उभा असतो. उन्हाळा तापू लागला की डोकं गरगरणं, मळमळ, डोळ्यांची आग, हातांची खाज घेऊन माणसं येतात. काल-परवा काय फवारलं, हा माझा पहिला प्रश्न असतो. बुबुळ बारीक झालेलं दिसलं, तोंडाला पाणी सुटतंय असं दिसलं, की साबुदाण्याच्या गोळ्यांचा तिथे काही संबंध नाही. त्याला गाडीत घालून थेट सरकारी रुग्णालयात पाठवायचं. अशांपैकीच एक वांगी करणारा शेतकरी बरा होऊन आला आणि म्हणाला, “डॉक्टर, जितकं औषध मारतोय तितका कोळी वाढतोय. हे कसं काय?”

त्याची तक्रार खरी होती आणि ती एकट्याची नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं, आणि युरोप-अमेरिकेतल्या सफरचंदाच्या ज्या बागांत लाल कोळी किरकोळ होता तिथे तो मोठी कीड होऊन बसला. फवाऱ्यानं पानावरचे पुष्कळ जीव मेले, त्यांत लाल कोळ्याला खाणारेही मेले. खाणारा गेला आणि जो उरला तो निर्धास्त वाढला.

हा लाल कोळी आधी ओळखून घ्या. वांग्यावर, भेंडीवर, वालावर, गुलाबावर पानाच्या पाठीला तो कळपानं बसतो. तोंडातल्या सुईनं पानाच्या पेशी एकेक करून टोचतो आणि आतलं हिरवं शोषतो. वरून पाहिलं तर पानावर पांढरे बारीक ठिपके. मग पान तांबूस पडतं, वाळतं. तो रेशमासारखे धागे काढतो आणि त्याच जाळीखाली राहतो, अंडी घालतो. धाग्याला लटकून वाऱ्यावर दुसऱ्या झाडावरही जातो. कोरडी हवा आणि ऊन त्याला मानवतं, दहाएक दिवसांत अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंत येतो. धुळीच्या रस्त्याकडेच्या ओळी आधी लाल पडतात, हे तुमच्यापैकी ज्यांच्या शेताशेजारून उसाचे ट्रॅक्टर जातात त्यांनी पाहिलं असेल. आणि औषधांना निगरगट्ट होण्यात याचा हात धरणारा जगात क्वचित कुणी असेल. नव्वदहून अधिक विषद्रव्यांविरुद्ध त्याच्यात प्रतिकार आल्याच्या नोंदी आहेत.

आता त्याला खाणारा. सर्वांत नामांकित जात म्हणजे फायटोसेइयुलस पर्सिमिलिस. १९५७ साली अल्जीरियातल्या नमुन्यांवरून तिचं शास्त्रीय वर्णन झालं. १९५८ मध्ये जर्मनीत, चिलीहून आलेल्या ऑर्किडच्या रोपांवर ती आपसूक सापडली, आणि तिथून युरोपातल्या काचघरांत पोचली. नेदरलँड्समध्ये यान कोपर्ट नावाचा काकडी पिकवणारा शेतकरी होता. फवारणीनं त्याच्या प्रकृतीला त्रास व्हायचा आणि कोळी काही मरायचा नाही. १९६७ च्या सुमाराला त्यानं हा शिकारी वाढवायला सुरुवात केली. पुढे तोच त्याचा व्यवसाय झाला. दवाखान्यातल्या माझ्या बाकावर बसणाऱ्या माणसांत आणि या कोपर्टमध्ये मला फारसा फरक दिसत नाही.

हा शिकारी लिंबाच्या बीसारखा आकाराचा, चकचकीत, नारिंगी. पाय लांब, चाल भरभर. लाल कोळी सुस्त, हा धावरा. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा पाय असतात. एक कात टाकली की आठ होतात, मग आणखी दोन काती टाकून तो वयात येतो. गंमत अशी, की या जातीचं सहापायी पिल्लू काहीच खात नाही. कात टाकेपर्यंत निरंकार उपवास. त्यानंतर मात्र भूक अशी लागते की मोठी मादी दिवसाला पाचएक प्रौढ कोळी किंवा वीसएक अंडी संपवते. उबदार, दमट हवेत आठवड्याच्या आत अंड्याचा प्रौढ होतो, म्हणजे आपल्या भक्ष्यापेक्षा लवकर. मादी दिवसाला चार-पाच अंडी घालते, आणि प्रत्येक अंडं तिच्या देहाच्या मानानं प्रचंड असतं. खाल्लेल्यातलं बहुतेक सगळं अंड्यांतच जातं. म्हणून तिला खायला भरपूर लागतं आणि रोज लागतं.

खाणं म्हणजे चावणं नव्हे. तोंडापुढे चिमट्यासारखे दोन अवयव असतात. ते भक्ष्याच्या कातडीत घुसवून आळीपाळीनं मागेपुढे करायचे आणि आतला रस ओढून घ्यायचा. मागे सुरकुतलेली रिकामी कातडी राहते. यांचं अंग पारदर्शक, त्यामुळे पोटात काय गेलं ते बाहेरून दिसतं. आमच्या धंद्यात पेशंट खरं सांगत नाही ही कायमची अडचण. इथे पोटच सांगतं.

आता या शिकाऱ्याला डोळेच नाहीत, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. लाल कोळ्याला डोळ्यांचे ठिपके आहेत, याला ते नाहीत. पुढचे दोन पाय हा चालायला कमी आणि चाचपायला जास्त वापरतो. आंधळ्या माणसाची काठी जशी. त्या पायांच्या टोकांना वासाची आणि चवीची इंद्रियं आहेत. आमच्या तत्त्वार्थसूत्रात जिवांची मांडणी इंद्रियांवरून केली आहे. वनस्पतीला एकच इंद्रिय, स्पर्श. कृमीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. स्पर्श, चव, वास आणि मग दृष्टी, असा तो क्रम. त्या हिशेबानं लाल कोळी चार इंद्रियांचा होतो आणि त्याला खाणारा तीनच इंद्रियांचा. कमी इंद्रियांचा जास्त इंद्रियांवाल्याला शोधून काढतो.

शोधतो कसा, याचं उत्तर १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये मॉरिस साबेलिस आणि मार्सेल डिके यांनी दिलं. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचनळी घ्यायची. एका फाट्यातून निरोगी वालाच्या पानांवरून आलेली हवा, दुसऱ्यातून कोळी लागलेल्या पानांवरून आलेली. शिकारी नळीच्या बुंध्याशी सोडला की तो बहुतेक वेळा कोळी लागलेल्या पानांकडे वळतो. वास नुसता कोळ्याचा नसतो. पान स्वतः तो तयार करतं. कोळ्यानं टोचलं की निराळा, हातानं फाडलं की निराळा. त्या वासात एक द्रव्य मिथाइल सॅलिसिलेट आहे. ते तुमच्या घरात आहे. गुडघेदुखीच्या मलमाचा जो झणझणीत वास येतो, तो त्याचा. म्हणजे एक इंद्रिय असलेला वाल तीन इंद्रियांच्या जिवाला हाक घालतो आणि तो ऐकतो, नव्हे, हुंगतो. झाडाला कळतं असं मी म्हणत नाही. पण एकेंद्रिय जीव मुका असतो, असंही आता मला म्हणवत नाही.

एवढं ऐकून वाटेल, की झालं तर मग, बाटली आणावी आणि शेतात ओतावी. इथेच या प्राण्यांच्या खाण्याच्या सवयींचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. लाल कोळी असताना शिकारी काय खातो हे सगळे सांगतात. लाल कोळी नसताना तो काय खातो, हे विचारायला हवं.

पर्सिमिलिस हा खाण्यात आमच्या चातुर्मासातल्या आजीपेक्षा कडक. जाळी विणणारा कोळी हेच त्याचं अन्न. दुसरं फारसं चालत नाही. पाठीवरच्या लांब केसांमुळे तो त्या जाळीत न अडकता फिरतो, जिथे इतर शिकारी घोटाळतात. ही तुकडी पान साफ करते आणि मग उपाशी राहते. काही वाऱ्यावर निघून जातात, काही एकमेकांची पिल्लं खातात, उरलेले मरतात. पुन्हा कीड आली की पुन्हा बाटली. शिवाय त्याच्या अंड्यांना हवेत ओल लागते. कोरड्या हवेत ती सुकून जातात. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, उघड्या शेतात तो टिकेल अशी आशा धरू नये.

त्याच्या पुढचे काही जरा सैल. मुख्य जेवण जाळीवाला कोळी, पण अडीअडचणीला दुसरंही चालतं. आपल्या देशातला निओसेइयुलस लॉन्जिस्पायनोसस हा त्यांतला. वांग्या-भेंडीच्या पानाखाली तो मुळातच असतो, कुणी आणून सोडलेला नाही. मग काही सर्वभक्षी आहेत. इस्रायलकडून आलेला ॲम्ब्लिसेइयस स्विर्स्की पांढऱ्या माशीची अंडी खातो, फुलकिड्याची कोवळी पिल्लं खातो, आणि काहीच नसेल तर फुलांतल्या परागावर जगतो. आणि युसेइयस नावाचा एक गट आहे, त्याला तर परागच जास्त मानवतो. तो पानाला टोचून थोडा रसही घेतो. शिकारी म्हणायचं, पण निम्मा शाकाहारी! मॅकमर्ट्री आणि क्रॉफ्ट या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये या घराण्याची चार गटांत विभागणी केली ती जेवणावरूनच.

आता गंमत पाहा. खादाड आणि निष्ठावान शिकारी लवकर निकाल लावतो पण मुक्काम करत नाही. कमी खाणारा, परागावर दिवस काढणारा, तो झाडावर कीड येण्याआधीपासून हजर असतो. स्पेनमध्ये अल्मेरिया म्हणून प्लॅस्टिकच्या छपराखालच्या भाजीचा मोठा मुलूख आहे. २००६ च्या अखेरीला तिथल्या ढोबळी मिरचीत, जिला परवानगीच नव्हती अशा औषधाचे अंश जर्मनीत सापडले आणि बाजार कोसळण्याची वेळ आली. त्यानंतर एक-दोन हंगामांत हजारो हेक्टर मिरची स्विर्स्कीच्या भरवशावर गेली. तो तिथे टिकला याचं एक कारण मिरचीच्या फुलांत पराग मुबलक असतो. फूल असेपर्यंत त्याची शिदोरी संपत नाही.

आफ्रिकेतली गोष्ट याहून बोलकी आहे. कसावा हे तिथल्या गरिबांचं कंद-अन्न. आपण ज्याचा साबुदाणा करतो तेच झाड. १९७१ मध्ये युगांडात दक्षिण अमेरिकेतला हिरवा कोळी या पिकावर दिसला आणि पुढे तो खंडभर पसरला. त्याचा शत्रू शोधायला शास्त्रज्ञ ब्राझीलला गेले. तिथून आणलेल्या शिकाऱ्यांतला टिफ्लोड्रोमॅलस अरिपो १९९३ मध्ये बेनिन देशात सोडला गेला आणि तो लागला. का लागला? दिवसा तो कसाव्याच्या शेंड्यातल्या कोवळ्या पानांच्या घडीत लपून बसतो, रात्री खाली उतरून पानांवर शिकार करतो. कीड नसेल तेव्हा झाडाच्या अंगातून पाझरणाऱ्या रसावर आणि शेजारच्या मक्याच्या परागावर भागवतो. भुकेचे दिवस काढायची सोय ज्याच्याकडे आहे, तो राहिला. आणि ज्या कसाव्याचे शेंडे केसाळ, त्यांत त्याचं घर जास्त चांगलं होतं. झाडानं शिकाऱ्याला घर द्यावं ही कल्पना नवी नाही. पानाच्या शिरांच्या बगलेत असलेल्या खोबण्या आणि केसांचे झुपके म्हणजे कोळ्यांच्या खोल्या आहेत, असं लुंडस्ट्रॉम या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८७ मध्येच म्हटलं होतं. कॉफीचं पान उलटं करून पाहा, त्या खोल्या दिसतील.

गोव्याहून आलेल्या मित्रांना मी विसरलेलो नाही, कारण नारळाचं उदाहरण त्यांच्या अंगणातलं आहे. १९९८ च्या सुमाराला केरळात नारळावर एक नवा कोळी दिसला आणि काही वर्षांत तो किनाऱ्यानं वर कर्नाटक, गोवा, कोकणात आला. मेक्सिकोतल्या गेरेरो प्रांतावरून त्याला नाव मिळालं आहे. हा तर अळीसारखा लांबट, मिलिमीटरचा पाचवा भाग, आणि याला पाय चारच. कोवळ्या नारळाच्या देठाजवळ जी टोपी असते तिच्याखालच्या फटीत शिरून तो कोवळं साल शोषतो. नारळ वाढला की तिथून तपकिरी, फुटलेल्या सालीचे त्रिकोणी पट्टे खाली उतरतात, डिंक येतो, फळ लहान राहतं. फवारा टोपीखाली पोचत नाही. मुळातून औषध पाजायचे प्रयोग झाले. झाडानं प्यालेलं ते शहाळ्याच्या पाण्यात किती उतरतं, हा विचार डॉक्टर म्हणून मला अस्वस्थ करतो.

त्या टोपीखाली निओसेइयुलस बाराकी नावाचा शिकारी सापडतो, केरळात सापडतो आणि श्रीलंकेतही. याचं अंग इतर भाऊबंदांपेक्षा चपटं आणि लांबुळकं, पाय आखूड. अरुंद फटीत शिरायलाच घडवलेला. अडचण एकच. नारळकोळी इतका बारीक की फट जेमतेम उघडली की तो आत, आणि शिकारी फट थोडी रुंदावेपर्यंत बाहेर. मधल्या काळात आतला वाढून घेतो. श्रीलंकेच्या नारळ संशोधन संस्थेनं बाराकी वाढवून बागांत सोडण्याचं काम केलं आहे. त्याला वाढवायला अन्न म्हणून धान्याच्या कोठारातला दुसराच एक कोळी लागतो, कारण नारळकोळी बाहेर वाढवणं जमत नाही. खाणाऱ्याला वाढवायचं तर आधी त्याच्या खाद्याची शेती करावी लागते. सोडायच्या बाटलीमागे अशी दुसरी बाटली असते.

इथे कुणाला वाटेल, शिकारी नेहमी वरचढ. तसं नाही. जपानमध्ये बांबूच्या पानावर राहणारा एक कोळी आहे. युताका साइतो यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की तो पानावर विणलेल्या घरट्यात पिल्लांसह राहतो, आणि शिकाऱ्याचं पिल्लू आत आलं तर आई आणि बाप दोघं मिळून त्याला मारतात. फुलकिडेही शिकाऱ्याची अंडी फोडतात. खाणारा आणि खाल्ला जाणारा या जागा वयाप्रमाणे आणि संख्येप्रमाणे बदलतात.

फवारणीकडे परत येतो. शिकाऱ्याला औषध जास्त का लागतं? पळता असल्यानं तो जास्त पृष्ठभाग तुडवतो. फवारलेलं पान तर तुडवतोच, विष घेतलेलं भक्ष्यही खातो. आणि वाचला तरी खायला काही उरलेलं नसतं. लाल कोळ्याला मात्र अन्न म्हणजे पान, ते सगळीकडे आहे. कॅलिफोर्नियात मार्जोरी हॉय या बाईंनी उलटा विचार केला. बदामाच्या बागांसाठी त्यांनी औषधांना दाद न देणारा परभक्षी कोळीच निवडून-निवडून तयार केला आणि १९८० च्या दशकात तो बागांत वापरला गेला. हुशारीचं काम आहे. तरी मला त्यात थोडी हारही दिसते. फवारा थांबवता येत नाही, म्हणून जीवच फवाऱ्याजोगा करून घ्यायचा.

आता जो प्रश्न मला बाहेरचे विचारत नाहीत पण घरचे विचारतात तो. बस्तीत स्वाध्यायाला एक आक्का येतात, ऐंशी ओलांडलेल्या, स्वतः शेती पाहिलेल्या. मी हे सगळं त्यांना हौसेनं सांगितलं. त्या म्हणाल्या, “होय रे, फवारलं तर आपण मारतोय. हा सोडला तर दुसऱ्याकडनं मारवतोय. कृत आणि कारित, फरक काय पडला?”

ज्यांना ही परिभाषा सवयीची नाही त्यांच्यासाठी सांगतो: हिंसा स्वतः केली, करवली किंवा तिला मान दिला, तिन्हींचा दोष धरला आहे. गृहस्थाला संकल्पपूर्वक हिंसा वर्ज्य. शेती-उद्योगात जी घडते ती कमीत कमी करावी अशी अपेक्षा. मी म्हणालो, आक्का, तो शिकारी तिथे आहेच. आपल्या आधीपासून आहे. मी सोडत नाही, फक्त त्याला मारत नाही. यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग बांधाला एरंड लावायला सांगतोस ते कशाला?”

प्रश्न बरोबर आहे. एरंडाचा पराग या शिकाऱ्यांना मानवतो. प्रयोगशाळांत त्यांना तो खाऊ घालतात. बांधावर एरंड, कडेला मक्याची ओळ, ओढ्याकाठचं पाणकणीस न जाळणं, हे मी शेतकऱ्यांना सांगतो ते शिकारी उपाशी राहू नये म्हणून. म्हणजे मी त्यांना पोसतो, आणि पोसतो ते कशासाठी हे मला ठाऊक आहे. एका बाजूला पानावरचा एकही सहसा न वाचणारा फवारा आणि फवारणाऱ्या माणसाच्या हातापायातली थरथर. दुसऱ्या बाजूला ज्याचं जे अन्न आहे ते त्याला खाऊ देणं. माझा कौल दुसऱ्याला आहे. आक्कांचा अजून नाही. त्या म्हणतात, कमी हिंसा आणि अहिंसा हे दोन शब्द आहेत, एक नाही. आमचा वाद चालू आहे.

साहित्य मंडळात बोलतो आहे, तर पुस्तकांच्या कपाटातला शिकारीही सांगायला हवा. चेलेटस एरुडिटस. एरुडिटस म्हणजे लॅटिनमध्ये विद्वान. १७८१ पासून त्याला हे नाव आहे. जुन्या पुस्तकांच्या धुळीत, धान्याच्या कोठारांत तो राहतो आणि तिथले पीठकोळी, धूळकोळी खातो. याची रीत फायटोसेइडींच्या उलट. हा धावत नाही. तोंडाशी खेकड्यासारख्या दोन जाड नांग्या पसरून दबा धरतो. कुणी शिवलं की पकडून विष टोचतो, भक्ष्य लगेच लुळं पडतं. नर जवळपास नसतातच, माद्याच माद्यांना जन्म देतात, आणि मादी अंड्यांवर राखण बसते. जुन्या चेकोस्लोव्हाकियात धान्यकोठारांत तो मुद्दाम सोडत. आमच्या ग्रंथालयातल्या कपाटांतही तो असेल. मात्र दम्याच्या रुग्णानं तो गादीत पाळावा, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुवा.

ज्यांच्याकडे चार वांगी, दोन गुलाब आहेत त्यांनी उद्या सकाळी ऊन चढायच्या आत खालचं एक जून पान तोडावं. दहापट मोठं दिसेल असं भिंग चष्म्याच्या दुकानात मिळतं. पान उलटं करून बघा. जाळीत गोल, काचेच्या मण्यासारखी अंडी दिसतील, ती लाल कोळ्याची. शिरेच्या कडेला त्याहून मोठं, लांबट अंडं दिसलं तर ते शिकाऱ्याचं. मग पान पांढऱ्या कागदावर झटका. जे ठिपके जागच्या जागी हलतील ते पान खाणारे. जो सरळ धावत कागदाच्या कडेकडे निघेल तो दुसरा. त्याला बोटानं चिरडू नका. कागद अलगद रोपाला टेकवा, तो आपला उतरून जातो. अशी दहा पानं बघा, आणि दर दोन-तीन पानांमागे एक धावणारा सापडला तर त्या आठवड्यात पंप बाहेर काढू नका. शिकारी नसतील आणि लाल कोळी वाढतच असेल तर पानांच्या पाठीवर पाण्याचा जोराचा फवारा मारा, साध्या पाण्याचा. धूळ जाते, जाळी तुटते, हवेत ओल येते. आठ दिवसांनी पुन्हा दहा पानं बघा.